सहा लाखांचा आणि दीड लाखाचा

पेणच्या बाजारात पुतळी घरत दिसली की नारळवाला आधीच दोन पावलं मागं सरायचा. ती नारळ तीनदा हलवायची, कानाशी धरायची, आणि पैसे दिल्यावर पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडं निरखून बघायची. नारळ नासका असला तर विकणाऱ्याच्या तोंडावर दिसतोच, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा दत्तात्रेय बावीस वर्षांपूर्वी गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दीर ट्रॅक्टर 'सांभाळायला' न्यायला आले, तेव्हा ही आधीच सीटवर जाऊन बसलेली.

"वैनी, तुला चालवता येतो काय?"

"बसता येतो ना? मंग बास."

चालवायला ती नंतर शिकली आणि खाडीकाठच्या खारेपाटातल्या निम्म्या गावांच्या भातशेतांची चिखलणी तिनं केली. ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा, सासऱ्यांनी जुनाच घेतलेला. खाऱ्या हवेनं पत्रा खाऊ नये म्हणून दर दसऱ्याला त्याला होडीचा निळा रंग लागायचा.

जुने ट्रॅक्टर गोळा करणारा प्रणित पुण्याहून तो बघायला आला.

"मावशी, मूळ रंग कुठला होता?"

"निळा."

त्यानं नखानं पोपडा उचलला. निळ्याखाली निळा, त्याखाली हिरवा, आणि पार तळाशी राखाडी.

"किती थर आहेत हे?"

"तुझ्या वयापेक्षा जास्ती."

मग तो वाकला आणि स्टिअरिंगखाली मोबाइलचा उजेड मारला. "इथं कंपनीची पितळी पाटी असते, नंबराची. स्क्रूची चार भोकं आहेत, पाटी नाही."

"पाटीवर चालतो काय ट्रॅक्टर?"

"चालत नाही मावशी, विकला जातो." त्यानं समजावलं. हे ट्रॅक्टर दोन खेपांत आले. दिसायला जुळे भाऊ. पहिल्या खेपेचे तिकडूनच तयार होऊन आले, दुसऱ्या खेपेचे सुटे आले आणि इथं जोडले. पहिल्याला मोल जास्त. पण कुठला कुठल्या खेपेचा हे नंबरच सांगतो, आणि हिच्या इंजिनावरचा नंबर खाऱ्या चिखलानं कधीच खाल्लेला. "खांब गावात एकांकडं दुसऱ्या खेपेचा आहे. पण पाटीसकट, मूळ राखाडी रंगात. त्यांना मी सहा लाख म्हणालोय. तुमचे दीड."

"खांबला कुनाकडं?"

"अय्यूब मिस्त्री."

पुतळीनं कंबरेवरचा हात काढला नाही, पण आतून ती हलली. दत्तात्रेय गेल्यापासून तिच्या ट्रॅक्टरला अय्यूबशिवाय दुसऱ्या कुणी पाना लावला नव्हता. दर मे महिन्यात ट्रॅक्टर आठ दिवस खांबला त्याच्या हायवेलगतच्या गॅरेजात जायचा आणि ही समोर ठाण मांडून बसायची. 'तो वायसर कुठला काढलास? ठेव हितं माझ्यापुढं.' फक्त एकदाच ती तिथं नव्हती. अकरा वर्षांपूर्वी, सून नमिता बाळंत झाली तेव्हा. आठ दिवस ट्रॅक्टर एकटा. आठ दिवस अय्यूब एकटा.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं खांबला उतरली.

"या, पुतळीबाय!" अय्यूबनं चिंध्यांना हात पुसले. "चाय सांगू?"

"आधी ताडपत्री काढ."

खाली राखाडी ट्रॅक्टर आणि स्टिअरिंगखाली लखलखीत पितळी पाटी.

"ही पाटी कुनाची?"

"माझ्या गाडीची."

"माझ्या गाडीला नुसती भोकंच हायेत."

"मी पयल्यांदा हात लावला तवापासून भोकंच हायेत."

"मंग मला बोल्ला नाय ते?"

"भोकांचं काय बोलायचं? तुझ्या सायलेन्सरला पन हायेत."

पुतळी हसली नाही. तेव्हा कुठं अय्यूबला कळलं की बाई कशाला आली आहे. त्यानं फडकं डिझेलात बुडवलं, इंजिनाची कूस पुसली. "वाच. मग पाटी वाच."

तिनं दोन्ही नंबर बोटानं वाचले. आकडा अन् आकडा जुळत होता. दुसऱ्यांदा वाचले. मग म्हणाली, "नंबर ठोकून बी घेता येतो."

हायवेवरून एक ट्रेलर गेला. अय्यूबनं ताडपत्री परत ओढली, एकेक दोरी बांधली.

"बावीस वर्सं तू माझ्या हातावर नजर ठेवलीस. मी म्हटलं, बाई एकटी हाय, बघू दे. पन आता गाडी दुसरीकडं ने."

चहा आलाच नाही.

घरी नमिता म्हणाली, "आई, अय्यूबचाचा असं करतील?"

"मानूस करत नाय गो, सहा लाख करतात."

दिवेलागणीला ती देवांपुढं बसली. देवांच्या रांगेत शेवटी 'गाडीचा देव': शेंदरानं माखलेला, तळहाताएवढा चपटा टाक. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं, धोंडुबाईनं, बजावलेलं, 'याला आंघोळ घालायची नाय, नुसता शेंदूर लावायचा.' त्याच्या कोपऱ्यांतल्या भोकांत ती रोज झेंडूचे देठ खोवायची. आजही एक खोवला. दुसरा. तिसरा. चौथ्याला हात थांबला.

"नमिता, खोबरेल आन."

तेलानं शेंदूर भिजला, खपल्या निघाल्या. खालून आधी इंग्रजी अक्षरं आली, मग आकडे. नमितानं उजेडात धरून वाचलं आणि पदरात हसू दाबलं. "आई, हे कंपनीचं नाव हाय! आजींनी कंपनीलाच देवात बसवली!"

पुतळी पाटीकडं बघत राहिली. "हितं अय्यूबनं तर आनून ठेवली नसंल?"

"आई! हा एवढा शेंदूर एका रात्रीत चढतो?"

सकाळी पुतळीनं देवांपुढं हात जोडले, पाटी धुतल्या रुमालात बांधली आणि ट्रॅक्टरच काढला. खांबला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. अय्यूब उठला नाही.

"बोल्लो ना, दुसरीकडं ने."

तिनं रुमाल बाकावर सोडला आणि सासूपासून झेंडूपर्यंत सगळं सांगून टाकलं. अय्यूबनं चष्मा चढवला. हात मागं बांधून, पाटीला न शिवता, नुसता वाकून नंबर वाचला. बराच वेळ.

"पयल्या खेपेची हाय. माझ्या आधीची. त्या पुण्याच्या पोराला सांग, सहाच्या वर बोल. माझी गाडी तुझ्यापुढं धाकटी."

पुतळीनं डोळे बारीक केले. "हे मला कशाला सांगतोस? गप बसला असतास तर तुझी आधी इकली गेली असती."

"बावीस वर्सं बघून कळला नाय, तर आता तोंडानं काय सांगू?"

ती ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत पुटपुटली, "चुकलं माझं."

"मला ऐकू नाय आला. चाकाला बोल्लीस."

"चुकलं, अय्यूबभाय!" ती एवढ्यानं ओरडली की पलीकडचा पंक्चरवाला वळून बघायला लागला. "आता बसव ती पाटी."

"मी नाय हात लावनार. देवात पुजलेली चीज. उद्या बोलशील, अय्यूबनं देवावर पाना चालवला."

मग तीच स्टिअरिंगखाली वाकली. पहिला स्क्रू बसला.

"दुसरा वाकडा जातोय गो."

"मला शिकवू नको."

तिसऱ्याला स्क्रू नुसताच गरगर फिरत राहिला, धरेचना. चौथाही तसाच. ती घामाघूम होऊन बाहेर आली, पेचकस त्याच्यापुढं धरला. "लाव हात. मी सांगते म्हनून लाव. देवाचं मी बघून घेईन."

त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि वाकला.

"दोन भोकांत आटेच ऱ्हायले नायत," आतून आवाज आला. "नवे पाडायला लागतील. अर्धा तास तरी जाईल. बस तिथं."

पुतळी बसली नाही. "मी चाय सांगून येते," म्हणाली, आणि ट्रॅक्टर, पाटी, अय्यूब तिघांना तिथंच ठेवून हायवेकडं चालू लागली.

रस्ता ओलांडण्याआधी तिनं एकदा मागं वळून बघितलं. गाड्या येतायत का ते बघायला, असं तिनं नंतर नमिताला सांगितलं.