सिपोराबाईंच्या कमरेची किल्ली

चार बायका शिवणाला बसल्या की शिवण होतं थोडं आणि किस्से होतात ढीगभर. आमच्या देहूरोडच्या महिला मंडळाचं तसंच झालंय.

आमचं मंडळ भरतं बाजारामागच्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात. लष्कराच्या डेपोत नोकरीला असलेली ज्यू कुटुंबं एकेक करून इस्रायलला गेली, धर्मग्रंथ पुण्याला पोचवले. मागे राहिल्या विधवा सिपोराबाई. जाणाऱ्यांनी इमारतीची किल्ली त्यांच्याकडे सोपवली होती. त्यांनी इमारत आम्हाला गाण्या-नाटकांसाठी उघडून दिली.

शेजारच्या कंत्राटदाराला मात्र तिथं सिमेंटचं गोडाऊन हवं होतं!

"अहो बाई, तुमचे सगळे गेले. तुम्हीही जा की!" तो एकदा म्हणाला.

"जाईन की. पण तिथं मराठीत भांडायला कोण मिळेल, तेवढं सांगा!"

*

शनिवारी दार बंद. तो त्यांच्या विश्रांतीचा दिवस. पण रविवारी आमचा प्रयोग होता, तालीम तर हवीच!

"आकाशात तीन चांदण्या दिसल्या की आमचा शनिवार संपतो, मग उघडते," सिपोराबाई म्हणाल्या.

आम्ही साऱ्या अंगणात माना वर करून उभ्या. दोन सापडल्या, तिसरी ढगात! आमची मावळातली गंगूबाई वैतागली, "बाई, आमच्यात दोनावर भागतंय!"

सिपोराबाई खूप हसल्या. किल्ली मात्र कमरेवरून हलली नाही.

*

एकदा कंत्राटदारानं पेंटरच पाठवला. दारावरची हिब्रू अक्षरं पुसायला.

"कुणाला वाचता येत नाहीत, ठेवून काय उपयोग?" पेंटर म्हणाला.

गंगूबाई दारात आडवी झाली. "मला तर मराठी बी वाचता येत न्हाई. मग समद्या गावच्या पाट्या पुसतोस व्हय?"

पेंटर चहा पिऊन परत गेला.

*

शेवटी कंत्राटदारानं कचेरीत अर्ज केला. ज्यू रीतीप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते नाहीत, म्हणजे इमारत पडीक!

पाहणीला साहेब आले. आमची ऐतिहासिक नाटकाची तालीम चालू होती. पुरुषांच्या भूमिकाही आम्ही बायकाच करणार, त्यामुळे फेटे, धोतरं, मिश्या असा थाट.

"साहेब, इथं दहा पुरुष दाखवा, मी अर्ज मागे घेतो!" कंत्राटदार ओरडला.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि रांगेत उभ्या राहिलो. मी मिशी घट्ट दाबून धरली.

साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं पेन्सिलीनं मोजलं. "नऊ."

कंत्राटदार खो खो हसला.

सिपोराबाई खुर्चीवरून उठल्या. रंगभूषेच्या ताटातली एक झुपकेदार मिशी उचलली, नाकाखाली चिकटवली आणि माझ्या शेजारी येऊन ताठ उभ्या राहिल्या.

"आता मोजा, साहेब!"