परदेशातली मावशी

माझी धाकटी मावशी परदेशी असते, असं आई चाळीस वर्षं सांगत आली. मावशी दोन गल्ल्या सोडून राहायची. शेजारणी तिला रोज भाजीबाजारात बघायच्या आणि संध्याकाळी आईकडे परदेशच्या हवेची चौकशी करायच्या.

मावशी क्लबात एकेक कपडा उतरवत नाचायची. घाईने नव्हे, नुसता हातमोजा काढायला ती पाच मिनिटं घ्यायची. मग एका भिकार भयपटात तिने पिशाच्चांच्या राणीचं काम केलं. शेवटी राणीचा झगा एका झटक्यात गळून पडतो. चित्रपट आठवड्यात उतरला, पण घराण्याचं कापलेलं नाक काही परत आलं नाही.

आई शाळेचे गणवेश शिवायची. मावशीचे पोशाखही तीच शिवायची, हे घरात फक्त मला ठाऊक. माप द्यायला मावशी मागच्या दाराने यायची आणि खुशीत असायची, कारण तोंडात टाचण्या धरल्यावर आईला तिला बोल लावता येत नसत.

पुढे कुठल्याशा तरुण पोरांनी तो चित्रपट शोधून डोक्यावर घेतला. सत्तरीच्या मावशीचा सत्कार ठरला.

"ताई, एकदाच चारचौघांत माझ्या शेजारी बस. बाकी काही नको," ती म्हणाली.

"मला काय वेड लागलंय?" आई म्हणाली.

तरी ती आली. काळा चष्मा लावून, शेवटच्या रांगेत, माझ्याआड. पहिल्या रांगेत मावशीने शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली होती. मला आईचा भयंकर राग आला.

चित्रपट संपल्यावर एका जाणकार गृहस्थांनी माइक घेतला. "झगा गळणं हा निव्वळ अपघात. निकृष्ट शिवण, दुसरं काय!"

"निकृष्ट?" आई ताडकन उठली. चष्मा खाली पडला. "अहो, साखळी टाका होता तो! एक टोक ओढलं की सगळी शिवण सुटते, कापडाला धक्कासुद्धा लागत नाही. मुद्दाम घातला होता. मी घातला. मी तिची थोरली बहीण!"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. आता बसणार कुठे? आई तरातरा पुढे गेली. मावशीने पर्स मांडीवर घेतली.

"मला लोकांनी काय काय म्हटलं, तेव्हा हूं की चूं केलं नाहीस," मावशी डोळे पुसत म्हणाली. "टाक्याला नावं ठेवली आणि उठलीस!"

आईने तिची बाही उलटून पाहिली.

"उसवलीय ही. उद्या घरी ये," ती म्हणाली. "पुढच्या दाराने."