चिंधूजींनी बुजवलेला पॅरिसचा झगा

चिंधूजी रफूवाल्यांची आणि आमची भिंत एकच. त्यांच्या घरात कोण काय बोललं ते मला ऐकू येतं, यात माझा काही दोष नाही. भिंत एकेरी विटेची आहे आणि पार्वताबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज दुहेरी आहे.

चिंधू हे नाव त्यांना रफूमुळे पडलेलं नाही. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हे झाले तेव्हा आईने त्यांना जुन्या चिंधीत गुंडाळलं आणि नावही तेच ठेवलं. इथे नेण्यासारखं काही नाही असं मरणाला वाटावं, एवढाच हेतू. मरण फसलं. चिंधूजी साठी ओलांडून पवनीच्या बाजारगल्लीत ओट्यावर बसून लोकांचे कोट, शालू आणि लग्नातली धोतरं रफू करत राहिले.

घराणं विणकराचं. माग बंद पडला तरी घरातला एक नेम सुटला नव्हता. कापडाला कात्री लावायची तर आधी हात जोडायचे, आणि कापड फाडायचं तर कधीच नाही. जुन्या लुगड्याचं पोतेरं करतानासुद्धा पार्वताबाई हात जोडून कात्री घ्यायच्या. मला हे जरा अतीच वाटायचं, आणि मी तसं तोंडावर बोललेही होते. शाळेत भूगोल शिकवते म्हणून मला अक्कल जास्त, असा माझा तेव्हा समज होता.

शहाऐंशी साली धरणाच्या पाहणीसाठी एक मोठे साहेब पवनीत राहायला आले. चिंधूजींचा जावई तेजराम त्यांची जीप चालवायचा. रोजंदारीवर. साहेब दिवाळीपर्यंत कागद वर पाठवणार आणि तेजराम परमनंट होणार, असं ठरलं होतं. चिंधूजींची सुमन दिवसांत होती, बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि सगळं घर त्या एका कागदाकडे डोळे लावून बसलं होतं. नवरात्रात पार्वताबाईंनी देवीला नवससुद्धा 'परमनंट' असं इंग्रजीतच बोलला.

अशात एका दुपारी तेजराम एक काळा झगा घेऊन आला. चेहरा झग्याहून काळा.

"मामाजी, म्याडमचा झगा हाय. पॅरिसचा. आपल्या जीपीच्या दारात अडकून फाटला. येच्यात एकई भोक दिसलं तं माही नोकरी गेली समजा."

एवढं सांगून तो जीप घेऊन गेला. मॅडमनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, त्याला नेमकं काय सांगितलं होतं ते नंतर कळलं: "बाजूची शिवण उसवलीय, तेवढी सांधून आण." पण घाबरलेल्या माणसाच्या कानात निम्मंच शिरतं, आणि तोंडातून दुप्पट बाहेर पडतं.

चिंधूजींनी झगा खाटेवर पसरला. शिवण फाटली होतीच, पण खांद्यावर भोक, पोटावर भोकं, पाठीवर तर हात जाईल एवढं भोक. खालची कड दुमडलेलीसुद्धा नव्हती, दोरे लोंबत होते.

"अजी, हे जीपीनं नाई फाटलं," पार्वताबाई म्हणाल्या. "बंगल्यात उंदरं झाले असन."

"मोठ्या घरची लाज हाय," चिंधूजी म्हणाले. "बोभाटा करू नोको."

"का बाईचे लेकरं जगत नसन? तुमच्यावानी फाटकं घालाचा नेम असन काई."

यावर चिंधूजी जरा थबकले. पण मग जावयाचं वाक्य आठवलं, एकई भोक. त्यांनी झग्याच्या आतल्या शिवणीतले जादा धागे काढले, बारीक सुईत ओवले आणि कामाला बसले. दिवाळीची गिऱ्हाइकं परत पाठवली. एक धागा वरून, एक खालून, पुन्हा वरून. पार्वताबाईंनी आपल्या परीने हातभार म्हणून खालची कड दुमडून सुबक तुरपाई केली. झगा तयार झाला तेव्हा इतका धड दिसत होता की पार्वताबाईंनी त्यावर अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी तेजरामच्या जीपमधून मॅडम स्वतःच आल्या. पुण्याच्या होत्या, वागायला साध्या. झगा उलगडला आणि मटकन खाटेवर बसल्या.

"काका, भोकं कुठे गेली?"

"बुजवली जी," चिंधूजी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपल्या कामाबद्दल विचारलं याचा त्यांना थोडा आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसला.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सांगितलं ते आम्ही सगळे उभ्याने ऐकत होतो. मी भिंतीपलीकडून केव्हाच अलीकडे आले होते. पॅरिसमध्ये सगळ्या बायका चकचकीत, रुंद खांद्यांचे कपडे घालत होत्या तेव्हा जपानहून एक कारागीर आला आणि त्याने काळे, ढगळे, भोकांचे कपडे दाखवले. पेपरवाल्यांनी भिकाऱ्यांचे कपडे म्हणून टिंगल केली. पुढे त्याच कपड्यांची फॅशन झाली. हा झगा त्या पहिल्या खेपेतला. मॅडम तेव्हा तिथे शिकत होत्या, पोटाला चिमटा काढून त्यांनी तो घेतला होता. आता तिथलं एक म्युझियम तो मागत होतं.

"म्हंजे थ्यानं मुद्दाम फाडला?" चिंधूजींनी विचारलं.

"हो."

"नवा कपडा?"

"नवाच."

चिंधूजींनी झग्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "थ्याचीबी भावंडं मेली असन."

मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी रफू उसवायला सांगितलं. चिंधूजींनी झगा उन्हात धरला, बोटांनी चाचपला, उलटा केला. पार्वताबाईंनी पाहिलं, सुमनने पाहिलं, मी चष्मा लावून पाहिलं. रफू कुठे केली आहे तेच सापडेना. रफू दिसत नाही, अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती.

शेवटी मॅडमनी पिशवीतून मासिक काढलं. त्यात त्याच झग्याचा फोटो होता, सगळ्या भोकांसकट. "यात पाहून पुन्हा करा."

"फाडाचं काम आमच्या घरी होत नाई, बाई."

"मग मी साहेबांना काय सांगू? तेजरामवर ते आधीच चिडलेत."

बाईंच्या मनात धमकी नसावी. पण बोलणं पोचायचं तिथे पोचलं. तेजराम दाराशी जमिनीकडे बघत उभा होता. सुमन पोटावर हात धरून चौकटीला टेकली होती. मला मॅडमचा राग आला, तेजरामचा आला आणि त्या जपान्याचा तर फारच आला.

चिंधूजी उठले. हातपाय धुतले. झग्यासमोर बसून हात जोडले, कपाळ टेकलं. मॅडमनी हळूच विचारलं, "ही पूजा आहे का?" चिंधूजींनी फोटो शेजारी ठेवला आणि दोन्ही हातांनी खांद्यापाशी कापड फाडलं. त्या आवाजासरशी पार्वताबाई आत निघून गेल्या. एकेक भोक फोटोत होतं तिथे, तेवढंच. भोकांच्या कडेने सुईचा एक फेरा घेऊ का, म्हणजे पुढे उसवणार नाही, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, नको, तसंच लोंबू द्या. खालची तुरपाईही उसवली, शिवणीची रफू तेवढी राहिली. त्या दिवशी चिंधूजी जेवले नाहीत.

दिवाळीआधी तेजरामचा कागद आला. सुमनला मुलगी झाली, तिचं नाव अगदी चांगलं ठेवलं. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली, तेव्हा मॅडम निरोप घ्यायला आल्या आणि म्युझियमचा फोटो दाखवला. काचेच्या कपाटात झगा, पुढे गोरी माणसं हात मागे बांधून उभी. खांद्याच्या भोकाबद्दल तिथे कुणी मोठा लेख लिहिला होता म्हणे. सगळी गल्ली बघायला जमली. कापडवाले गोपीचंद शेठ म्हणाले, "वा चिंधूजी, तुमचं काम परदेशात!"

"किती दिवस ठेवतीन थे काचेत?" पार्वताबाईंनी विचारलं.

"कायमचा," मॅडम म्हणाल्या.

"मंग जवाईबापू आन झगा, दोघंई परमनंट झाले." सगळे हसले.

संध्याकाळी चिंधूजी आमच्या दाराशी आले. पॅरिस कोणत्या बाजूला येतं, असं त्यांनी विचारलं. मी हाताने दाखवलं, नागपूरच्याही खूप पलीकडे, मावळतीकडे. ते त्या बाजूला बघत उभे राहिले.

"मास्तरीणबाई, उघडी कड उसवत जाते. तिथं कोनी एक फेरा घेऊन देईन का?"

मी सांगितलं, तिथे काच आहे, वारा लागत नाही, कुणी हात लावत नाही. भोकं आहेत तेवढीच राहतील.

"वाढो का न वाढो," ते म्हणाले, "माह्या हातानं फाटलं हाय थे."