तीन कोरी पाने

दगडाचे काप काढण्यात ज्यांची एकतीस वर्षे सरली, त्या गृहस्थांना प्रयोगशाळेत सारे करवतमामा म्हणत. पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या वनस्पतींचे बीजशंकू, म्हणजे बिया धरणारी बोंडे, त्यांच्या हाती येत. मुठीएवढे, पाषाण झालेले. तेथील प्राध्यापिकाबाईंनी कळीपासून पक्व शंकूपर्यंतच्या साऱ्या अवस्था अकरा वर्षांत जुळवत आणल्या होत्या. उणीव एकच होती: बीजातला गर्भ कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता. पक्व शंकू त्यांच्यापाशी एकुलता एक, आणि तो मामांच्या हवाली होता.

हे ज्ञान विनाशातूनच मिळते. पृष्ठभाग केसभर घासावा, तेव्हा नवा थर दिसे. जुना चिखल होऊन नळाच्या पाण्याबरोबर मोरीत जाई. म्हणून मामांचा नेम असा, की भिंगाखाली दिसलेला थर वहीत रेखाटल्यावाचून पुढे घासायचे नाही.

अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. "चहा पिताय की सदऱ्याला पाजताय?" घरी बायको टोमणा मारी, मामा हसण्यावारी नेत. दगडावर भार दिला की हात स्थिर राही, पेन्सिल धरली की थरथरे. त्या मंगळवारी, आपली वाकडी रेघ बाईंना दिसू नये म्हणून, त्यांनी तीन थर रेखाटल्याविनाच घासून काढले.

चौथ्या थरावर भिंग धरले आणि नळ तसाच वाहता ठेवून त्यांनी बाईंना हाक मारली. एका बीजाच्या पोकळीत, अगदी कडेला, गर्भाचे शेपूट तेवढे ठिपक्यासारखे उरले होते.

बाई आल्या, बराच वेळ भिंगावर वाकून राहिल्या. "मागच्या थरांची चित्रं दाखवा, मामा."

"शेवटचे तीन रेखाटले नाहीत."

"पण पाहिले असतीलच ना?"

"ओझरते. दोन बीजदलं होती, शेजारी शेजारी. तेव्हा चरे वाटले मला."

"मग आठवणीतून काढा. तुमच्या हातावर कोण शंका घेणार आहे?"

मामांनी मान हलवली. "नको, बाई. जे हवं होतं तेच आता आठवतंय."

त्यांनी वही ओढली, तीन पाने कोरी सोडली आणि प्रत्येकावर थराचा क्रमांक घातला. आकडे पाण्यावर लिहिल्यासारखे हेलकावत गेले. बाईंनी ते पाहिले; मग त्यांची नजर हाताकडे वळली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"एकदा बोलला असतात, मामा, तर रेघा मी ओढल्या असत्या."

मोरीपाशी जाऊन मामांनी नळ बंद केला. तो अजून वाहतच होता.