मामा आणि लोकांच्या माना

आमच्या थोरल्या मामांइतकं माणसांना पाठीमागून ओळखणारं माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. डोणगावच्या शाळेतून मास्तरकी करून निवृत्त झालेले मामा भजनात शेवटी बसत, एसटीतही मागच्या बाकावर बसत आणि पुढच्यांच्या माना न्याहाळीत. मानेवर उगाच मुंगी चालल्यासारखं वाटायचं, वळून पाहावं तर मामा. एका लग्नाच्या पंगतीत किराणावाल्या शेटजींनी पुरणपोळीवर तिसऱ्यांदा तूप मागितलं, तोच मागून अगदी हळू आवाज आला, "शेटजी, मान काळी पडून राह्यली. तूप थांबवा." पंगत हसली. पुढच्या उन्हाळ्यात शेटजींची तहान रांजणानंही भागेना आणि डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. मग कुणी हसेना.

लोकांनी आपल्यापुरता अर्थ लावला, की मामांना रोग दिसत नाही, त्यांच्या नजरेनं तो लागतो. मामा बाजारात शिरले की भर उन्हात पुरुष मानेभोवती उपरणं गुंडाळीत आणि बायका पदर ओढून घेत. मी भाचा असूनही सदऱ्याची कॉलर वर करी. मामा मात्र खिशात मेथीदाण्यांची पुडी घेऊन निवांत चालत. "शरीराच्या दाराची कडी तुपातेलानं निसरडी झाली, का साखर बाहेर रगतातच उभी राह्यते," ते समजावीत. "कारलं, मेथी, जांभळाची बी, हे कडू पोटात गेलं का कडी उघडते." घरोघरी भजी तळणाऱ्या गावाला हे कसं पटावं?

एका दुपारी ते मेहकरला आमच्या घरी आले. आई त्यांची एकुलती बहीण. हल्ली ती सारखी पाणी पीत होती, आणि त्यांना पाहताच तिनं पदर घट्ट केला.

"भाऊ, मले नका पाहू. मले भेव वाटते."

मामा खाली बसले. साखरेनंच गेलेल्या मामींबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"तुह्या वयनीची मान काळी झाली, तं मले मळ वाटला. रोज म्हणो, नीट आंघोळ काऊन करत नाही? चार वर्षं दगडानं घासली तिनं. रगत निघे. डॉक्टरनं मान पाहून सांगितलं तवा लई उशीर झाला होता."

आईनं पदर खाली घेतला आणि त्यांच्याकडे पाठ केली. मामांनी बराच वेळ पाहिलं. मग मानेवरच्या काळ्या कड्यावरून हलकेच अंगठा फिरवला.

"घासू नको, माय. उद्या दवाखान्यात जाऊ."

आईनं औषध घेतलं, तळण सोडलं, रोज तोंड वाकडं करून मेथी खाल्ली आणि पुष्कळ वर्षं जगली. ती कशानं वाचली, ते मला ठाऊक नाही. पण मामांना, "मामा, तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची चूक नव्हती," असं आमच्यापैकी एकानंही कधी म्हटलं नाही. ते गेल्याला आता खूप वर्षं झाली.