हाय आणि न्हाय यांच्यातला न

जिवंत मामांच्या मातीला मी जीप भरून माणसं घेऊन गेलो होतो. आमच्या सगळ्या नात्यात आता हे माहीत आहे. लग्नात पंगतीला बसलो की कुणीतरी वाढता वाढता विचारतंच, "काय मास्तर, आज कुणाला पोचवायला आलाव?" मी हसतो. हसण्यासारखं आहेच ते. पण त्या दिवशी त्या गल्लीत जे कानावर पडलं त्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही. आणि तो धक्का मामा जिवंत निघाल्याचा नव्हे.

आधी माझ्या कानांबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ त्यांच्या गर्वातून झाला. मी केजला हायस्कूलवर मास्तर. घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. घरात बसल्या बसल्या मला बाहेरचं सगळं कळतं अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. वळणावर घसा अडकल्यासारखी खाकरते ती कळंबची एस.टी., दाराचा पत्रा बडवत येते ती धारूरची. शेजारच्या काकूंचा भाकरी थापणारा हात मध्येच थांबला की समजायचं, त्यांच्या घरात सुनेच्या माहेरचा विषय निघाला. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी मागच्या बाकावर कोण बोललं ते सांगतो. निम्म्या वेळा चुकतं, पण शिक्षा भोगलेलं पोर काही पुरावे घेऊन येत नाही. एकदा तर शेजाऱ्यांच्या बोअरच्या मोटारीचं बेअरिंग गेल्याचं मी नुसत्या आवाजावरून सांगितलं आणि त्यांना मिस्त्री बोलवायला लावला. चार माणसांनी घाम गाळून मोटार वर काढली. मोटार ठणठणीत. किरकिर करत होता तो आमच्याच खोलीतला पंखा. त्या दिवसापासून बायको मला 'डॉक्टर' म्हणते.

हे वेड मला आईकडून आलं. आमचं खेडं तेलगावच्या पुढं, आत. मी लहान असताना आई उंबऱ्याजवळ ज्वारी निवडत बसायची आणि रस्त्यावर काही वाजलं की विचारायची, "सांग बरं, काय आलं?"

"बैलगाडी."

"आन् आता?"

"सायकल."

"कसली? चेन वाजतीया का?"

बरोबर सांगितलं की पदराच्या गाठीतले शेंगदाणे मिळायचे. आवाज ओळखण्याची माझी शाळा ती एवढीच. पुढं वडील गेले, मी आईला केजला आणलं, तरी दाराजवळ बसायची तिची सवय गेली नाही.

आईला एकच भाऊ. माझे मामा, युसूफ वडगावला असतात. गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते. मी दोनदा जाऊन बाहेरूनच परत आलो. आई रोज एकच म्हणायची, "मला दादाला एकदा जित्त्या डोळ्यानं बघू दे. मला त्याच्याशी बोलायचंय." फोन वाजला की तिच्या हातातला घास तसाच राहायचा.

एक दिवस दुपारी मामेभावाचा फोन आला. त्याच्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. ट्रॅक्टरवर टेप, टेपवर गाणं, आणि गाण्यावर ड्रायव्हरचा हॉर्न. त्या सगळ्याच्या तळातून भावाचा आवाज आला. मी विचारलं, "मामा कसे हाईत?"

तो म्हणाला, "आबा न्हाईत आता."

मी मास्तर माणूस, धीर धरून विचारलं, "कवा?"

"आज सकाळीच."

"लई तरास झाला का?"

"न्हाई न्हाई. झोपेतच आणलं घरी."

"बरं. आमी निघतो. किती वाजता यावं?"

"या की कवाबी. ऊन उतरल्यावर या. आत्यालाबी आणा, तिचा जीव अडकलाय."

आता हे संभाषण तुम्ही पुन्हा वाचून बघा. मी ते शंभरदा मनात वाचलंय. यातला एकही शब्द माझ्या समजुतीच्या आड येत नाही. पुण्याकडं 'आहे' आणि 'नाही' म्हणतात, त्या दोघांत चांगलं फर्लांगभर अंतर आहे. आमच्याकडं 'हाय' आणि 'न्हाय'. मध्ये अर्धा न. त्या अर्ध्या न वर आमच्या मुलखातली माणसं जगतात आणि मरतात. भाऊ म्हणाला होता, "आबा घरी हाईत आता." त्यातलं 'घरी' हॉर्ननं खाल्लं आणि न माझ्या कानानं पदरचा घातला.

बायको म्हणाली, "एकदा परत लावून इचारा की."

"अगं, ज्याचा बाप गेला त्याला 'काय म्हणलास, परत सांग' म्हणून कुणी इचारत असतं का? काही रीत हाय का न्हाई?"

आईला सांगितलं. ती रडली नाही. ज्वारीचं सूप बाजूला ठेवून तिनं मला विचारलं, "नीट ऐकलास का तू?"

मी म्हणालो, "आई, कान माझे हाईत."

ती उठली, हातपाय धुतले, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "बोलायचं राहिलं," एवढंच म्हणाली.

जीप ठरवली. आई, बायको, दोन चुलत्या आणि शेजारच्या काकू. काकू आमच्या नात्यातल्या नव्हेत, पण त्यांना रडण्याची चांगली हातोटी आहे.

मामांची गल्ली आली. मी खाली उतरलो आणि सवयीनं कान दिला. पिठाची गिरणी चालू होती. कुठंतरी लहान पोरं पाढे म्हणत होती. कुकरची शिट्टी झाली. ज्या गल्लीत माती हाय तिथं गिरणी चालू, कुकर चालू? कानानं बरोबर हटकलं होतं हो मला. पण मी मनात म्हटलं, काय दिवस आलेत, माणसाला माणसाचं काही राहिलं नाही.

आमच्याकडं रीत अशी की सासरी गेलेली बहीण गल्लीच्या तोंडापासून हेल काढत येते. आईनं पदर तोंडावर पुरता ओढला आणि सुरुवात केली.

"माझ्या दादा रे... माझ्या आईच्या लेका रे... माझं म्हायेर बुजलं रे..."

चुलत्यांनी धरलं, काकूंनी उचललं. गिरणीच्या वर आवाज चढला. घरांची दारं उघडली. आणि मामांचं दार उघडलं. कानटोपी, अंगावर शाल, हातात काठी, असे मामा स्वतः उंबऱ्यात येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून विचारते झाले, "कोण गेलं गं, बाई?"

काकूंचा हेल अर्ध्यात तुटला. एक चुलती गप्प झाली, मग दुसरी. बायकोनं माझ्या कोपरात नखं रोवली, त्याच्या खुणा बरेच दिवस होत्या. तेवढ्यात वीज गेली आणि गिरणीही बसली. साऱ्या गल्लीत एकटा आईचा आवाज राहिला. तिच्या तोंडावर पदर. तिला काही दिसत नव्हतं. बायका गप्प झाल्या म्हणजे आपण प्रेतापाशी आलो, असं तिला वाटलं असणार. ती तिथंच मातीत बसली आणि तिचा हेल बदलला. आतापर्यंत ती सगळ्या बहिणी म्हणतात ते म्हणत होती. आता तिचं स्वतःचं सुरू झालं.

"पंचमी आली की दाराला कान लावून बसले रे दादा... सायकल वाजली की उठून बघितलं रे... जावेचा भाऊ आला रे, शेजारणीचा आला रे... तू मुराळी होऊन आलाच न्हाईस रे... सासू म्हणली, हिला न्यायला कुणी न्हाई, हिला काय उकिरड्यावरून उचलून आणली का रे..."

मामा पुढं आले नाहीत, मागंही गेले नाहीत.

"लेकराला इचारत बसले रे, सांग काय आलं, सांग काय आलं... आपल्या डोळ्यात पाणी दिसू नये म्हणून त्याला शेंगा दिल्या रे... लेकराला वाटलं खेळ हाय रे दादा..."

ते लेकरू पन्नाशी उलटलेलं, हातात चपला घेऊन गल्लीत उभं होतं. केजच्या स्टँडवरच्या प्रत्येक गाडीची नाडी मला कळते म्हणून मी मिरवतो. ज्या बाईनं मला ऐकायला शिकवलं ती कशासाठी ऐकत होती, हे मी एकदाही ऐकलं नव्हतं. पुढं होऊन आईचा हात धरायला हवा होता. माझ्याच्यानं हलवलं नाही. कुणाच्याच नाही. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून नुसत्या ऐकत होत्या.

मामेभाऊ आतून धावत आला. माझ्या कानाशी दबून म्हणाला, "भाऊ, काय केलाव हे?"

"तूच म्हणलास, आबा न्हाईत."

"हाईत म्हणलो. घरी हाईत म्हणलो."

आमची ही कुजबूज आईच्या कानी गेली. तिचे कान कुठं बंद होते? ती थांबली. पदर वर केला. समोर कानटोपी घातलेला भाऊ.

तिच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता, असं मला वाटत होतं. आला तो संकोच. परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर घसरावा तसा तिनं तो चटकन नीट केला. जे भावाच्या तोंडावर म्हणायला जन्मभर जमलं नव्हतं, ते म्हणून झालं होतं, आणि भाऊ तर ऐकत उभा होता.

मामांनी घसा साफ केला. "न्हाई आलो," ते म्हणाले. "खरं हाय तुझं."

पुढं कारण सांगतील म्हणून सगळे थांबले. ते काठी टेकत दोन पायऱ्या उतरले आणि आईपुढं हात केला. आईनं तो लगेच धरला नाही. मग धरला, पण उठली आपल्या गुडघ्याच्या जोरावर. दोघं आत गेली. मामींनी आमच्याकडं असं बघितलं की मी चपला घालाव्या की हातातच ठेवाव्या ते मला कळेना.

आम्ही बाहेर ओट्यावर. चुलत्यांत वेगळाच वाद पेटला.

"आता घरी जाऊन अंघोळ करावी लागतीया का?"

"माती न्हाई तर अंघोळ कशाची, बाई?"

"पण रडलो की आपण."

"मग डोळे धुवा."

काकू गप्प होत्या. त्यांचा हेल फुकट गेल्याचं त्यांना लागलं होतं. ड्रायव्हर येऊन म्हणाला, "मास्तर, माणूस तर जित्ता हाय. मग आता थांबायचं का निघायचं?" बायको त्याला म्हणाली, "डॉक्टरला इचारा."

मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. पाठ म्हणजे कानच. आत बोलणं चाललं होतं एवढं कळत होतं. आईचा आवाज, मग मामांचं "हं". पुन्हा आईचा. शब्द एकही लागला नाही, आणि खरं सांगायचं तर तो लागेल या भीतीनं मीच थोडा सरकून बसलो.

ऊन उतरलं. मामींनी चहा दिला; साखर घातली नव्हती, तरी मी पूर्ण प्यालो. चुलत्या जीपमध्ये जाऊन बसल्या. मी दारात उभं राहून हाक मारली, "आई, निघायचं का?"

आई बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला.

"तुमी जावा. मी राहते."

"अगं, तू लुगडं आणलं न्हाईस बदलायला."

"वहिनीचं नेसते."

"किती दिवस राहणार?"

तिनं मागं वळून बघितलं. आत मामा खाटेवर कानटोपी काढून बसले होते. दोन्ही कान मोकळे.

"काय सांगू?" आई म्हणाली. "त्यो मधीच उठून आला बाहेर. माझं बोलणं निम्मंच झालतं."