लोरनाला आणायला गेलेली गाडी

डेल्मा हॉस्किननं उभ्या आयुष्यात दोनच माणसांवर हात उचलला. पहिला तिचा स्वतःचा नवरा. तो रोज संध्याकाळी बिअर ढोसून यायचा आणि हिला बडवायचा. एक दिवस हिनं मटण तळायचा बिडाचा तवा उचलला आणि त्याच्या कानशिलात असा घातला की गडी दोन दिवस शुद्धीवर नव्हता. उठला तो कपडे घेऊन निघून गेला, पुन्हा आमच्या कुलबिन गावात दिसला नाही. त्या तव्याचा आवाज डेल्मा हसत हसत करून दाखवते, "टण्ण!" म्हणून. दुसऱ्या माणसाची गोष्ट मात्र ती सांगत नाही. गावात विचारलं तर सगळे दुसरीकडं बघतात. म्हणून मीच सांगते.

डेल्माचं काम म्हंजे गावाची गाडी. ज्याचा पाय गेलाय, ज्याचे डोळे गेलेत, ज्याला दहा पावलं टाकली की धाप लागते, अशांना दवाखान्यात न्यायचं, न्हाव्याकडं न्यायचं, मयतीला न्यायचं, आणि घरी आणून सोडायचं. गाडी एकच, मागं चाकाची खुर्ची वर घ्यायला लिफ्ट. चालवायला गावातलीच माणसं, फुकट. आणि हे सगळं जुळवायची डेल्मा, सभागृहाच्या मागच्या खोलीत, एक फोन आणि एक मोठी वही घेऊन. आठ वाजता कुणाला किडनीच्या मशीनवर बसवायचं, परत येताना कुणाला उचलायचं, सगळं तिच्या डोक्यात. कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही हेसुद्धा. कुंपणावरून भांडलेले दोन भाऊ होते, त्यांना ती शहरापर्यंत सव्वीस मैल एक पुढं एक मागं बसवून न्यायची.

तिची एक रीत होती. आदल्या दिवशी चार वाजले की वही उघडायची आणि एकेका घरी फोन लावायचा. "कुलबिनची गाडी बोलतेय. उद्या अमुक वाजता, अमुक ठिकाणी. औषधं बरोबर घ्या, आणि शी-शू उरकून बसा, वाटेत मी थांबणार नाही." फोन कुणीही उचलो. जावई असो, शेजारीण असो, फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस असो, निरोप त्याच्याजवळ द्यायचा. इतक्या लांब लांब घरं, इथं कोण कुणापासून काय लपवणार? एकोणीस वर्षांत एक माणूस विसरला नाही की राहिला नाही. त्याचा तिला लई अभिमान.

आता लोरना. लोरना टिबेट्स, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गव्हाच्या कोठारांपलीकडं घर. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला. "पडले," म्हणाली. मग मनगट. "पडले." मग अख्खा गाल जांभळा. "पडले गं बाई, चालायचंच." चाकाच्या खुर्चीत बसलेली बाई पडते कशी, हे कुणी विचारलं नाही. तिचा मुलगा ग्रँट, सेहेचाळीस वर्षांचा, खाणीवरची नोकरी आणि बायको दोन्ही गेल्यावर आईकडं परत आलेला. रेड्यासारखं अंग. बापाच्या मयतीत धाय मोकलून रडला होता, म्हणून लोक म्हणायचे, मनानं हळवा आहे. हळवाच होता. रडून झालं की मारायचा.

एका मंगळवारी डेल्मा तिच्या खुर्चीचे पट्टे आवळत होती, तेव्हा लोरना हळूच म्हणाली, "डेल्मा, शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात मला खोली मिळालीय. पुढच्या गुरुवारी नेशील?"

"नेईन की. परत किती वाजता आणू?"

"परत नको आणूस."

डेल्माचा हात पट्ट्यावर थांबला. "ग्रँटला ठाऊक आहे?"

"त्याला कळलं तर मी गुरुवार बघायची नाही. घरी फोन नको करूस. मी आपली सव्वानऊला पडवीत येऊन बसेन."

डेल्मानं वहीत लाल पेन्सिलीनं लिहिलं, फोन नाही. खाली दोन रेघा मारल्या.

तो नोव्हेंबर होता, म्हंजे इकडचा उन्हाळा, गव्हाची कापणी ऐन भरात. गाडी चालवणारे सगळे आपापल्या शेतात मशीनवर चढलेले. बुधवारी तिघांनी एकामागून एक कळवलं, उद्या जमणार नाही. डेल्मानं ठरवलं, आपणच चालवू. सगळ्या वेळा खोडल्या, नव्या लावल्या, आणि चार वाजले तशी फोन लावत सुटली. एकोणीस वर्षांची बोटं ती, डोक्याला विचारत नाहीत.

"कुलबिनची गाडी. लोरनाला सांग, उद्या सव्वानऊ. खोलीवर पोचायला साडेदहा होतील. बॅग मोठी असली तरी चालेल, मागं जागा ठेवलीय."

फोन ग्रँटनं उचलला होता. त्यानं विचारलं, "कसली खोली?"

तेव्हा डेल्माची नजर लाल पेन्सिलीच्या रेघांवर गेली. "चुकलं रे," म्हणाली, "ते दुसऱ्या लोरनाचं."

"गावात दुसरी लोरना कुठंय?" एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

डेल्मानं पोलिसाला फोन केला. तीन गावांना मिळून एक पोरगेला शिपाई. तो लगेच गेला बिचारा. दारात लोरना खुर्चीत, मागं ग्रँट, त्याचा पंजा आईच्या मानेवर. लोरना म्हणाली, सगळं ठीक आहे. शिपाई परत आला. त्यानं तरी काय करावं?

सकाळी साडेआठला ग्रँटचा फोन. "आईला बरं नाही. गाडी नको."

"तिला दे फोन."

"झोपलीय."

"मग मी येते. ती तिच्या तोंडानं नको म्हणाली की परत जाते. सगळ्यांना तोच नियम आहे."

"ये की," तो म्हणाला. "तू येच."

शिपाई गव्हाचा ट्रक उलटला होता तिकडं अडकलेला. फोनवर म्हणाला, तासभर लागेल, तोवर एकटी जाऊ नकोस. डेल्मा एकटी नव्हतीच. गाडीत दोघं आधीच बसलेली. एक आर्च, जन्मभर खाटिकखान्यात राबलेला, साखरेनं एक पाय गुडघ्याखाली नेलेला, चाकाच्या खुर्चीत बसलेला, किडनीच्या मशीनला निघालेला. दुसरी कोन्चेत्ता, इटलीहून आलेली म्हातारी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

"मी तुम्हाला सभागृहात उतरवते," डेल्मा म्हणाली. "तिकडं काही बरंवाईट होईल."

आर्च म्हणाला, "मशीन माझ्याशिवाय चालू होत नाही. चल तू."

कोन्चेत्ता म्हणाली, "पोरी, मला उतरवलंस तर मी चाकाखाली आडवी होईन. आणि मला उचलायला तुला चार माणसं लागतील."

फाटकाला साखळी लावलेली होती. डेल्मानं गाडी थांबवलीच नाही. साखळी तुटली, दिवा फुटला, फाटक एका बाजूला लोंबायला लागलं. पडवीखाली लोरनाची खुर्ची उलटी पडलेली, चाकांवर कुऱ्हाडीचे घाव. अंगणातल्या पिंपात काहीतरी जळत होतं. कपडे होते. बॅगेची पितळी कडी तेवढी दिसत होती.

ग्रँट बाजूनं आला, हातात कुंपणाचा लोखंडी खांब. तोंडातून शब्द नाही. पहिला घाव समोरच्या काचेवर, सगळी काच डेल्माच्या मांडीवर. दुसरा आरशावर. मग दार उघडून त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला खाली ओढलं. पायरीवर तोंड आपटलं. दोन दात तिथंच. वरून बरगडीत लाथ, पुन्हा लाथ, खाटकानं कातडं सोलायच्या आधी बडवावं तशी.

"माझी आई चोरायला आलीस, ए म्हातारे? माझी आई?"

आर्चला लिफ्ट कशी चालते ते ठाऊक होतं. तो आपल्या खुर्चीसकट खाली उतरला, शिव्या देत देत चाकं रेटत मागून आला, आणि कुबडी दोन्ही हातांत धरून त्यानं ग्रँटच्या गुडघ्याच्या वाटीवर हाणली. जनावर कुठं मारलं की बसतं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. ग्रँट बसला.

डेल्मा रांगत घरात गेली. "लोरना! लोरना!" धुण्याच्या खोलीत टाकी आणि भिंतीच्या मधे ती पडली होती. एक डोळा मिटलेला, हात भलतीकडंच वळलेला, झग्यावर रक्त वाळून काळं झालेलं.

"लोरना, गाडी आलीय."

लोरनानं चांगला डोळा उघडला. "सव्वानऊ होऊन गेले," म्हणाली.

डेल्मानं तिला घोंगडीवर घेतलं आणि घोंगडी ओढत निघाली. प्रत्येक उंबऱ्याला लोरना ओरडायची आणि डेल्मा "झालं, झालं" म्हणायची, आणि तिच्या तोंडातलं रक्त घोंगडीवर ठिबकत जायचं. बाहेर ग्रँटनं आर्चची खुर्ची पालथी केलेली, त्याच्या छातीवर गुडघा रोवून ठोशांवर ठोसे. आर्चचं नाक राहिलं नव्हतं. तेवढ्यात कोन्चेत्तानं खिडकीतून थर्मास बाहेर काढला आणि सगळी कढत कॉफी ग्रँटच्या मानेवर ओतली. रिकामा थर्मास टाळक्यात मारला तो वेगळाच. "हरामखोरा! आई खातोस?" ग्रँट बोंबलत बाजूला झाला.

लोरनाला लिफ्टवरून वर घेतलं, गाडीतच खाली निजवलं. लिफ्ट परत खाली. आर्च कोपरांवर सरपटत लिफ्टवर चढला. डेल्मा वर उभी, बटण हातात. ती लिफ्ट जुनी. बटण दाबून धरलं तर चढते, सोडलं की थांबते. लिफ्ट चढायला लागली आणि ग्रँट लंगडत आला. आर्चला ओढून काढावं म्हणून त्यानं आत हात घातला, गाडीची कड धरली. लिफ्टचा पत्रा वर येत होता आणि वरच्या कडेवर ग्रँटची चार बोटं होती.

डेल्मानं बोटं पाहिली. नीट पाहिली. बटण सोडलं नाही.

कुडकुड आवाज झाला. मी ऐकला नाही, पण आर्च सांगतो, खाटिकखान्यात सुद्धा असा आवाज आपण ऐकला नव्हता. ग्रँट लहान पोरासारखा ओरडायला लागला, "आई! आई गं! सांग ना तिला!"

आणि घोंगडीवरून लोरना म्हणाली, "डेल्मा, सोड. डेल्मा. लेकरू आहे माझं."

डेल्मानं सोडलं. पण लगेच नाही.

मग लिफ्ट वीतभर खाली घेतली, हात सुटला, ग्रँट मातीत बसून आपल्या हाताकडं बघत राहिला. डेल्मानं समोर काच नसलेली गाडी शहरातल्या दवाखान्यापर्यंत सव्वीस मैल चालवली. शेतांतला सगळा भुसा तोंडावर येत होता, आणि मागं तिघं म्हातारी एकमेकांना धरून.

दवाखान्यात शिपाई आला. लोरनाच्या खाटेशी बसून त्यानं विचारलं, "काय झालं, लोरना?" सगळे तिच्या तोंडाकडं बघायला लागले. दोन वर्षं ती एकच शब्द बोलत आली होती.

"मुलानं मारलं," लोरना म्हणाली. "काल रात्रभर मारलं. खुबाही त्यानंच मोडला होता."

शिपायानं लिहिलं. "आणि त्याचा हात?"

"तेही लिही. डेल्मानं बटण दाबून धरलं. मी सोड म्हटल्यावरसुद्धा धरलं."

"अगं ए बाई!" आर्च पट्ट्यांच्या आतून ओरडला. "ती तुला सोडवायला आली होती!"

"आली होती. म्हणून काय मी पुन्हा खोटं बोलू?"

ग्रँटची तीन बोटं कापावी लागली आणि तो तुरुंगात गेला. डेल्माला न्यायाधीशानं समज देऊन सोडलं, पण गावच्या कमिटीनं गाडीच्या किल्ल्या तिच्याकडून घेतल्या त्या घेतल्याच. फोन आणि वही ठेवली. आता ती निरोप ज्याला जायचंय फक्त त्यालाच देते. दुसऱ्या कुणी उचलला तर "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून देते, मग अर्ध्या तासानं पुन्हा करते. लोकांना वाटतं, हिचं डोकं फिरलं.

पाच महिन्यांनी फोन वाजला. लोरना होती, त्या म्हाताऱ्यांच्या घरातून.

"गाडी हवीय मला. तुरुंगावर जायचंय. ग्रँटला भेटायला."

डेल्मानं वही पुढं ओढली. मग तिनं पाच महिने पोटात ठेवलेलं ओकून टाकलं. "लोरना, त्याला कळलं ते माझ्याच तोंडून. मीच फोनवर सांगितलं. तू नको म्हणाली होतीस तरी."

"मला ठाऊक आहे. प्रत्येक फटक्याला तो तुझं नाव घेत होता."

"मग मलाच का फोन केलास?"

"मग कुणाला करू? गाडी एकच आहे." लोरनाला धाप लागली होती, ती थांबली. "मंगळवारी भेटायला सोडतात. दहा वाजता. बिस्किटं नेली तर चालतात का ते विचारून ठेव."

डेल्मानं वहीत लिहिलं. मग चालवणाऱ्यांना विचारायला लागली. पहिला म्हणाला, त्या हरामखोराकडं मी गाडी नेणार नाही. दुसरा म्हणाला, म्हातारीला वेड लागलंय, तू तिला नाही म्हण. तिसरी बाई रडायलाच लागली.

"तिला जायचंय," डेल्मा तिला म्हणाली. "कुठं जायचं ते आपण ठरवत नाही." आणि चौथ्याला फोन लावला.